साडेसात लाखांची अट

२६ जानेवारी १९५० ला राज्यघटना अमलात आली तेव्हा तिच्या ८१व्या कलमात लोकसभेच्या आकाराबद्दल दोन अटी होत्या. राज्यांतून निवडून येणारे सदस्य ५०० हून जास्त नसतील, ही पहिली. दुसरी आता फारशी कुणाच्या लक्षात नाही. दर साडेसात लाख लोकसंख्येमागे किमान एक सदस्य असेल, आणि दर पाच लाखांमागे एकाहून जास्त नसेल, असं ती अट सांगत होती. म्हणजे एका खासदाराच्या वाट्याला साडेसात लाखांहून जास्त माणसं येऊ द्यायची नाहीत, असा शब्द घटनेनं नागरिकाला दिला होता. तो जेमतेम तीन वर्षं टिकला. २०२४ च्या निवडणुकीत बुलढाणा लोकसभा मतदारसंघात नुसते मतदारच पावणेअठरा लाखांच्या पुढे होते, मुलंबाळं वेगळी.

हा मतदारसंघ किती लांबरुंद आहे ते लोणारहून दिल्लीला जाण्याआधी जळगाव जामोदला जाऊन पाहावं. जिल्ह्यात लोक घाटावरचे आणि घाटाखालचे अशी विभागणी सहज करतात. लोणार, मेहकर, चिखली, सिंदखेड राजा घाटावर. खामगाव, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली, पूर्णेच्या काळ्या जमिनीत. लोणारच्या खाऱ्या सरोवरापासून सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोदपर्यंत रस्त्यानं शंभर किलोमीटरांहून जास्त अंतर पडतं. पाणी वेगळं, जमीन वेगळी, पिकांचं गणित वेगळं. खासदार मात्र एकच.

लोणारची नोंद सरकारदरबारी जुनी आहे. ऐन-इ-अकबरीत मेहकर सरकाराच्या वर्णनात इथल्या क्षारांचा, त्यापासून होणाऱ्या साबण आणि काचेचा उल्लेख येतो. क्षारांचा हिशेब असा अकबराच्या काळापासून ठेवला गेला. माणसांच्या मताचा हिशेब ठेवायला विसावं शतक उजाडावं लागलं, आणि तोही लोणार ज्यात येतं त्या वऱ्हाडाच्या बाबतीत फार विचित्र रीतीनं सुरू झाला.

वऱ्हाड १८५३ च्या तहानं निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं, पण मालकी निजामाचीच राहिली. १९०२ साली लॉर्ड कर्झननं मीर महबूब अली खानाशी नवा करार केला आणि वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं. १९०१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या साडेसत्तावीस लाख होती. माणशी वर्षाला रुपयाहूनही कमी खंड पडला. पुढच्या वर्षी हा मुलूख कारभारासाठी मध्य प्रांताला जोडला गेला. पण कायद्याच्या काटेकोर अर्थानं वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतंच. ते निजामाच्या मालकीचं, इंग्रजांनी वापरायला घेतलेलं होतं. मग इथल्या माणसानं इंग्रजांच्या कायदेमंडळात बसायचं कसं? वकिली डोकं चाललं आणि तोडगा निघाला. वऱ्हाडात निवडणूक घ्यायची, निवडून आलेल्या माणसाला मग सरकारनं नेमायचं. म्हणजे लोकांनी निवडलेला माणूस कागदोपत्री सरकारनियुक्त.

१९१९ च्या सुधारणांनंतर दिल्लीत जी केंद्रीय विधानसभा बसली तिचे १४५ सदस्य होते. त्यात तीस लाखांवर लोकसंख्येच्या वऱ्हाडच्या वाट्याला ही अशी निवडून-नेमलेली एक जागा आली. यवतमाळचे लोकनायक माधव श्रीहरी अणे अनेक वर्षं त्या जागेवर होते, आणि कामकाजाच्या छापील नोंदींत त्यांच्या नावापुढे मतदारसंघ म्हणून ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ एवढंच लिहिलेलं असे. वरच्या सभागृहात, म्हणजे कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे याच पद्धतीनं गेले. लोणारच्या शेतकऱ्याला यातल्या कुणालाही मत देण्याचा हक्क बहुधा नव्हता, कारण मताचा अधिकार सारा, मालमत्ता, शिक्षण अशा चाळण्यांतून गाळून यायचा. तरी तीस लाख माणसांमागे एक हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगं आहे. आज शंभर वर्षांनी, प्रौढ मताधिकार आल्यावर, आपण हळूहळू त्याच दिशेनं परत चाललो आहोत.

प्रांतिक पातळीवर मात्र लोणारकराचा प्रवास मोठा गमतीचा झाला. घर न हलवता त्यानं चार विधानसभा पाहिल्या. १९३७ साली नागपूरला मध्य प्रांत व वऱ्हाडची ११२ सदस्यांची विधानसभा. १९५२ साली तिथेच मध्य प्रदेशची २३२ सदस्यांची. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९५७ साली ३९६ सदस्यांच्या महाकाय सभागृहात लोणारचा आमदार कच्छ-सौराष्ट्राच्या आमदारांशेजारी जाऊन बसला. १९६० नंतर महाराष्ट्र. १९६२ ला २६४ जागा, १९६७ ला २७०, आणि १९७८ पासून २८८. दर वेळी कुणीतरी नकाशा पसरला, कुणीतरी लोकसंख्येला भागलं, आणि मेहकर-लोणारचा भाग कुठल्या तरी नव्या चौकटीत बसवला गेला. विधानसभांचे आकार बदलताना फारशी तात्त्विक चर्चा कुणी केली नाही. राज्यच बदलत होतं, त्यामागे आकडा आपोआप बदलत गेला. खरी चर्चा झाली ती दिल्लीच्या सभागृहाबद्दल.

संविधान सभेत बसलेल्यांना प्रमाणाचा प्रश्न परका नव्हता, कारण ती सभाच एका प्रमाणावर उभी होती. कॅबिनेट मिशनच्या योजनेनुसार साधारण दहा लाख लोकसंख्येमागे एक सदस्य, तोही प्रांतिक विधानसभांनी निवडलेला. वऱ्हाडातून डॉ. पंजाबराव देशमुख आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी त्या सभेत होते. प्रत्यक्ष निवडणुकीच्या लोकसभेसाठी याहून दाट प्रतिनिधित्व हवं, हे सभेनं मान्य केलं आणि पाच ते साडेसात लाखांची पट्टी आखली. पण ५०० ची कमाल मर्यादाही त्याच कलमात घातली. दोन्ही अटी एकत्र नांदतील असं गृहीत धरलं होतं. ३६ कोटींच्या आणि झपाट्यानं वाढणाऱ्या देशात त्या फार काळ एकत्र नांदणार नव्हत्या, हे साध्या गुणाकारानं कळण्यासारखं होतं. पाचशेला साडेसात लाखांनी गुणलं तर साडेसदतीस कोटी होतात, म्हणजे जागा संपत आलेलीच.

पहिली निवडणूक १९५१-५२ च्या हिवाळ्यात झाली, ४८९ जागांसाठी. तेव्हाच्या मध्य प्रदेशात लोकसभेच्या २९ जागा होत्या आणि मतदारसंघ २३. हिशेब जुळत नाही असं वाटेल, पण त्यातले काही मतदारसंघ दुहेरी होते. लोणार ज्यात होतं तो बुलढाणा-अकोला असाच दुहेरी. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव, आणि मतदाराला दोन मतं; दोन्ही एकाच उमेदवाराला द्यायची मुभा नाही. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, मतपत्रिकेवर शिक्का न मारता ती पेटीत टाकायची. गोपाळराव बाजीराव खेडकर आणि लक्ष्मण श्रवण भटकर हे काँग्रेसचे दोघे बुलढाणा-अकोल्यातून लोकसभेत गेले. विदर्भातला असाच दुसरा दुहेरी मतदारसंघ भंडाऱ्याचा. १९५४ च्या पोटनिवडणुकीत तिथल्या राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले, आणि सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले.

दुहेरी मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानं बंद झाले. त्यांचे तोटे खरेच होते: प्रचंड क्षेत्रफळ, दुप्पट खर्च, दोन खासदारांत जबाबदारीची टोलवाटोलवी. पण एक गोष्ट तेव्हाच्या लोणारकराकडे होती जी नंतर कधी आली नाही. त्याला दाद मागायला दिल्लीत दोन दारं होती.

पहिली लोकसभा बसली आणि वर्षाच्या आत घटनेच्या दोन अटींची टक्कर तिच्यापुढे आली. १९५१ च्या जनगणनेवर मतदारसंघांची फेररचना करायची तर एकतर ५०० हा आकडा वाढवावा लागणार होता किंवा साडेसात लाखांची अट सोडावी लागणार होती. नेहरू मंत्रिमंडळातले कायदामंत्री चारुचंद्र बिस्वास होते. सभागृह फार मोठं झालं तर त्यात चर्चा होत नाही, गर्दी होते, हा युक्तिवाद तेव्हाही होता आणि आजही तोच आहे. संसदेनं साडेसात लाखांची अट सोडली. दुसरी घटनादुरुस्ती १ मे १९५३ पासून लागू झाली. जमीनदारी, भाषणस्वातंत्र्य, मालमत्तेचा हक्क यासंबंधीच्या घटनादुरुस्त्यांवर पुस्तकांमागून पुस्तकं निघाली. या दुरुस्तीला अभ्यासक्रमात एखादी ओळ मिळते. माझ्या मते लोकसभेच्या आकाराचा सगळा पुढचा वाद या एका ओळीतून निघाला. नागरिकाला प्रतिनिधी किती जवळचा मिळेल हा प्रश्न घटनेतून त्या दिवशी काढून टाकला गेला. उरला तो एवढाच प्रश्न की कुठल्या राज्याला किती जागा.

आणि पुढची सत्तर वर्षं भांडण राज्यांचंच झालं. १९६१ च्या जनगणनेनंतर न्यायमूर्ती जे. एल. कपूर यांच्या आयोगानं केलेल्या रचनेत मद्रास राज्याच्या जागा ४१ वरून ३९ झाल्या, आंध्रच्या ४३ वरून ४१. महाराष्ट्राच्या ४४ च्या ४५ झाल्या, त्यामुळे इकडे कुणी ब्र काढला नाही. दक्षिणेत मात्र ही सल राहिली. दशकभरानं १९७१ ची जनगणना आली, लोकसंख्या ५४.८ कोटी भरली. तेव्हा पुन्हा कुणाच्या जागा कमी करण्याची वेळ येऊ नये म्हणून सभागृहच मोठं करायचं ठरलं. १९७३ च्या ३१व्या घटनादुरुस्तीनं राज्यांसाठीची मर्यादा ५२५ केली आणि केंद्रशासित प्रदेशांसाठीची २०, मिळून ५४५. १९७७ ची निवडणूक ५४२ जागांवर झाली. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून दमण-दीव वेगळं झाल्यावर ५४३. देशानं लोकसंख्येच्या हिशेबानं लोकसभा शेवटची वाढवली ती ३१व्या दुरुस्तीच्या वेळी. महाराष्ट्राच्या जागा ४८ झाल्या त्याही तेव्हाच.

१९७१ ते १९७७ या काळात केंद्रात कायदामंत्री होते हरी रामचंद्र गोखले, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती आणि वायव्य मुंबईचे खासदार. लोकसभा मोठी करणारी १९७३ ची दुरुस्ती त्यांच्या कारकिर्दीत झाली. तीन वर्षांनी, आणीबाणीत, लोकसभेत ४२वी घटनादुरुस्ती मांडून तिचा आकार गोठवणारेही तेच. दोन्ही निर्णय एका माणसाच्या मंत्रालयातून गेले. फरक मंत्र्यात पडला नव्हता, मधल्या काळात सरकारची लोकसंख्येकडे पाहण्याची नजर बदलली होती.

१६ एप्रिल १९७६ ला केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. करणसिंग यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केलं. त्यात लग्नाचं वय वाढवणं होतं, कुटुंबनियोजनाच्या कामगिरीशी राज्यांची केंद्रीय मदत जोडणं होतं, आणि त्याच यादीत लोकसभा-विधानसभांतलं प्रतिनिधित्व २००१ पर्यंत १९७१ च्या आकड्यांवर ठेवण्याचा निर्णयही होता. तर्क असा की जी राज्यं नसबंदीचं काम चोख करतील त्यांच्या जागा कमी व्हायला नकोत. लोकसभेचा आकार हा संसदेच्या कामाचा प्रश्न होता. आता तो पाळणा लांबवण्याच्या मोहिमेचा एक भाग झाला.

या मोहिमेत महाराष्ट्र सगळ्यांच्या पुढे होता, हे आज सांगावंसं वाटत नाही. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक संमत केलं. असं विधेयक मंजूर करणारं ते देशातलं पहिलं विधिमंडळ. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही आणि १९७७ च्या निवडणुकीनंतर तो विषय संपला. नसबंदीच्या सक्तीवर लोकांनी मतपेटीतून उत्तर दिलं. बुलढाण्यात, नव्या रचनेत हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला होता, तिथून रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे दौलत गुणाजी गवई निवडून आले. जनता पक्षाच्या सरकारनं ४२व्या दुरुस्तीतला बराच भाग ४४व्या दुरुस्तीनं पुसून टाकला. लोकसभेची सहा वर्षांची मुदत पुन्हा पाच केली. जागा गोठवण्याच्या कलमाला मात्र कुणी हात लावला नाही. आणीबाणीतल्या त्या निर्णयावर आणीबाणीविरोधकांनाही आक्षेप नव्हता. कारण सरळ आहे. गोठवणं सगळ्यांनाच सोयीचं होतं. उत्तरेकडच्या राज्यांना तेव्हा घाई नव्हती, दक्षिणेकडच्यांना धास्ती नव्हती, आणि बसलेल्या खासदाराला आपला मतदारसंघ तुटायला नको होता.

२००१ आलं. वाजपेयी सरकारनं ८४वी घटनादुरुस्ती आणली आणि गोठवणुकीची मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. पुढच्या ८७व्या दुरुस्तीनं एक पळवाट ठेवली. राज्यांच्या एकूण जागा तशाच राहतील, पण राज्याच्या आतल्या मतदारसंघांच्या सीमा २००१ च्या जनगणनेवर नव्यानं आखता येतील. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं हे काम केलं आणि फेब्रुवारी २००८ मध्ये ती रचना लागू झाली. दिल्लीच्या पत्रकारांनी या आयोगाला फारसं महत्त्व दिलं नाही, कारण राज्यांच्या वाट्यात काहीच बदल नव्हता. वऱ्हाडात मात्र त्याचा अर्थ फार लवकर कळला.

महाराष्ट्राच्या ४८ आणि २८८ या भिंती कायम ठेवून आत माणसं मोजली तर काय होणार? ठाणे-कल्याण-भिवंडी पट्ट्यात माणसं ओसंडत होती. ठाणे जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा १३ वरून २४ झाल्या, लोकसभेच्या दोनच्या चार. भिंती हलत नाहीत म्हटल्यावर त्या कुठून तरी यायला हव्यात. विदर्भाच्या विधानसभेतल्या जागा ६६ वरून ६२ वर आल्या. लोकसभेतल्या ११ च्या १० झाल्या. वाशिमचा स्वतंत्र मतदारसंघ गेला आणि यवतमाळशी जोडला गेला. बुलढाणा जिल्ह्यात जलंबचा विधानसभा मतदारसंघ नकाशावरून पुसला गेला, खामगावच्या फाट्याच्या गाडीसाठी जिथे गाडी बदलतात तेच जलंब. जिल्ह्याचे आमदार आठाचे सात झाले. तामिळनाडू आज जी तक्रार साऱ्या देशापुढे करतो ती विदर्भानं २००८ साली महाराष्ट्राच्या आत अनुभवली होती. फरक एवढाच की विदर्भातून माणसं कमी जन्मली म्हणून जागा गेल्या नव्हत्या. इथली तरुण पोरं पुण्या-मुंबईकडे कामाला गेली, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या नावाचा प्रतिनिधीही तिकडे गेला.

लोणारमध्ये त्या वेळी जास्त चर्चा दुसऱ्याच बदलाची झाली असणार. मेहकर विधानसभा मतदारसंघ, ज्यात मेहकर आणि लोणार दोन्ही येतात, तो अनुसूचित जातींसाठी राखीव झाला, आणि तीन दशकं राखीव असलेला बुलढाणा लोकसभा मतदारसंघ खुला झाला. मेहकरचे सलग तीन वेळचे आमदार प्रतापराव जाधव यांना विधानसभेचा रस्ता बंद झाला, पण लोकसभेचा मोकळा झाला. २००९ पासून चार निवडणुका ते बुलढाण्यातून निवडून येत आहेत आणि २०२४ पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत. मेहकरमधून २००९ पासून तीनदा संजय रायमूलकर, आणि २०२४ ला सिद्धार्थ खरात. बुलढाण्याचे जुने प्रतिस्पर्धी मुकुल वासनिक आणि आनंदराव अडसूळ यांनी आपापली राखीव जागा शोधली. वासनिक रामटेकला गेले, अडसूळ अमरावतीला. दोघेही २००९ साली जिंकले. मतदारसंघाची एक रेघ सरकते तेव्हा चार राजकीय आयुष्यांची दिशा बदलते. अशा आदेशाला कोर्टात आव्हान देता येत नाही, असं घटनेचं ३२९वं कलम सांगतं.

आता २०११ च्या जनगणनेचे आकडे पाहू. महाराष्ट्र सव्वाअकरा कोटी, खासदार ४८. एकामागे साडेतेवीस लाखांच्या आसपास माणसं. राजस्थानात हाच आकडा सव्वासत्तावीस लाखांच्या पुढे, तामिळनाडूत साडेअठरा, केरळमध्ये पावणेसतरा. देशाची सरासरी बावीस लाखांवर. राजस्थानचा मतदार केरळच्या मतदारापुढे हलका पडतो, हे उत्तरेचं म्हणणं खोटं नाही. आम्ही केंद्रानं सांगितलेली धोरणं पाळली, शाळा-दवाखाने उभे केले, त्याचा दंड आम्हालाच का, हे दक्षिणेचं म्हणणंही खोटं नाही. मार्च २०२५ मध्ये तामिळनाडूचे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी चेन्नईत बोलावलेल्या बैठकीत जागा घटण्याच्या भीतीनं काही राज्यं एकत्र आली. महाराष्ट्र या भांडणात मधोमध उभा आहे. आज आहेत त्या ५४३ जागा २०११ च्या लोकसंख्येवर वाटल्या तर महाराष्ट्राला ५० च्या आसपास येतात. म्हणून आपल्याकडचे पुढारी या विषयावर गप्प राहू शकतात. फायदाही मोठा नाही, तोटाही नाही.

पण हा हिशेब राज्याचा झाला. लोणारचा हिशेब वेगळा आहे, आणि तो कुठल्याच बाजूनं मांडला जात नाही. स्थानिक विकासासाठी खासदाराला वर्षाला पाच कोटी मिळतात, मतदारसंघात दहा लाख माणसं असोत की पंचवीस लाख. लोकसभेत एका दिवशी तोंडी उत्तराचे वीसच प्रश्न यादीत येतात. पहिल्या लोकसभेनं पाच वर्षांत ६७७ दिवस बैठक भरवली, सतराव्या लोकसभेनं २७४. लोणारचं सरोवर २०२० साली रामसर यादीत आलं, त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाल्यानं जगभर फोटो गेले. पण त्या सरोवरातलं सांडपाणी, धारेचं पाणी, काठावरची बांधकामं हे विषय ज्या एका माणसानं दिल्लीत मांडायचे, त्याच माणसानं खामगावचा कापूस, घाटाखालचं पूर्णा खोऱ्यातलं खारं पाणी आणि जळगाव जामोदच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यांचे रस्तेही मांडायचे आहेत. सभागृह मोठं झालं तर भाषणाला वेळ मिळणार नाही, असं म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारावंसं वाटतं की ५४३ जणांना तरी आज किती मिळतो? बैठकीचे दिवस वाढवायला घटनादुरुस्ती लागत नाही.

हा प्रश्न आपलाच नाही. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात १९१३ पासून ४३५ सदस्य आहेत, १९२९ च्या कायद्यानं तो आकडा जवळपास कायमचा झाला. तेव्हा एका सदस्यामागे दोन लाखांवर लोक होते, आज साडेसात लाखांवर. तिथेही अधूनमधून आवाज उठतो, आणि तिथेही बसलेल्यांना बदल नको असतो. गंमत अशी की आपल्या घटनाकारांनी ज्याला कमाल ओझं मानलं होतं, त्या साडेसात लाखांच्या आसपास अमेरिका आज पोचली आहे. आपण त्याच्या तिप्पट ओझ्याखाली आहोत.

२८ मे २०२३ ला नव्या संसद भवनाचं उद्‌घाटन झालं तेव्हा लोकसभेच्या दालनात ८८८ खुर्च्या होत्या. आधी खुर्च्या आणि मागून कायदा, हा क्रम काहीसा उलटा आहे. पण सुतारानं निदान एक आकडा समोर ठेवला. त्याच सप्टेंबरमध्ये १०६वी घटनादुरुस्ती झाली आणि महिलांच्या एक तृतीयांश जागा पुढच्या पुनर्रचनेला बांधल्या गेल्या. म्हणजे लोकसभेचा आकार वाढतो की नाही यावर आता बायकांचं आरक्षणही अवलंबून आहे. पुरुष खासदारांना आपली जागा न सोडता ते देता यावं म्हणून खुर्च्या वाढवाव्यात, असा व्यवहारी सूर दिल्लीत ऐकू येतो तो यामुळेच.

८८८ हा आकडा कायद्यात कुठेही नाही, पण त्यावर कागदावर भागाकार करून पाहायला हरकत नाही. २०११ च्या लोकसंख्येनं एका खासदारामागे सरासरी साडेतेरा लाख माणसं येतात. महाराष्ट्राच्या वाट्याला ८२ च्या आसपास जागा. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याला आठ, पुण्याला सात. विदर्भाला सतराच्या आसपास, म्हणजे आकडा मोठा, हिस्सा मात्र आजच्याइतकाच, एक पंचमांशाच्या जवळपास. १ मार्च २०२७ हा संदर्भदिवस धरून होणाऱ्या जनगणनेत ठाण्या-पुण्याचा वाटा आणखी वाढलेला दिसेल आणि वऱ्हाडचा घटलेला. बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ ला २५ लाख ८६ हजार होती. साडेतेरा लाखांच्या मापानं तिचे दोन मतदारसंघ होण्याइतकी ती जवळ आहे, आणि दोन करायचेच झाले तर रेघ कुठे पडावी हे जिल्ह्यात कुणालाही विचारा. घाटावर एक, घाटाखाली एक.